एका डुकराला पोट एकच

एकोणीस वर्षं मी डुकराचं पोट धुतलं. लग्न होऊन व्हिद्रीनांच्या घरात आले त्याच हिवाळ्यात सासूबाईंनी माझ्यापुढे बादली सरकवली. आत ते पांढुरकं, बुळबुळीत पोट. म्हणाल्या, "धू." बस्स. ना नव्या सुनेचं कौतुक, ना कशी आहेस, ना काय. मी मनाशी म्हटलं, मेओला, एवढं एक वर्ष सोस, पुढल्या वर्षी सुई तुझ्याच हातात येणार आहे. पुढल्या वर्षी पुन्हा बादली आली. त्याच्या पुढल्याही.

सुईचं असं आहे. आमच्या नेझपिके बायूच्या, म्हणजे संथ ओढ्याच्या, काठाला मार्दी ग्राच्या आधीच्या शनिवारी डुक्कर कापतात. मार्दी ग्रा म्हणजे चाळीस दिवसांचे उपास लागण्याआधीचा खाण्यापिण्याचा सण. सात-आठ घरं एका अंगणात जमतात आणि ज्याचं त्याचं काम पणज्यापासून ठरलेलं असतं. नोंक युलिस चरबीचे तुकडे तळणार. नोंक म्हणजे काका. ते नात्याने कुणाचेच काका नाहीत, पण सगळा मुलूख त्यांना नोंकच म्हणतो. आर्द्वांच्या घरचे आतड्यात भात आणि कलेजी भरून बुदाँ करणार. आणि पोंस आमची, व्हिद्रीनांची. पोटाची पिशवी धुऊन तिच्यात मसाल्याचा खिमा भरायचा, शिवायची, बिडाच्या भांड्यात खरपूस परतायची आणि मग झाकण घालून तीन तास मंद विस्तवावर सोडून द्यायची. बुदाँ हातभर बिघडला तर दुसरा हातभर भरता येतो. पोंसचं तसं नाही. एका डुकराला पोट एकच. वर्षातून एक पोंस, ती एकीनेच शिवायची, आणि पंचक्रोशीने वर्षभर तिचं नाव घ्यायचं. तेव्हा जिच्या हातात सुई ती घरची मालकीण. बाकी आम्ही पाणी भरणाऱ्या.

आणि नाव घेण्यासारखंच काम होतं हो ते. माझ्या सासूबाईंवर, ओनेझियाबाईंवर, माझा कितीही राग असला तरी खोटं बोलून मी नरकात जाणार नाही. कोपरापर्यंत हात घालून त्या खिमा कालवायच्या. कांद्याची पात, लसूण, ढोबळी मिरची, लाल मिरचीची पूड, उकडून कुस्करलेलं थोडं रताळं. मग त्यातली सुपारीएवढी गोळी तव्यावर परतून तोंडात टाकायची आणि डोळे मिटायचे. अंगणात चाळीस माणसं कालवा करत असायची, पण ते डोळे मिटले की स्वयंपाकघरात कुणी चमचाही वाजवत नसे. मग कधी चिमूटभर मीठ, कधी काहीच नाही. आणि भरताना कुठे थांबायचं ते त्यांच्या हाताला कळायचं. बघणाऱ्याला वाटावं, अजून अर्धं रिकामंच आहे की. पण आगीवर पोट आकसतं. तीन बोटं जागा सोडली नाही तर संपला कारभार.

एकदा सरकारी कचेरीतल्या एक बाई मापाचे चमचे आणि वही घेऊन आल्या होत्या. गावोगावच्या जुन्या पाककृती लिहून घेत होत्या बिचाऱ्या.

"मीठ किती घालायचं?" बाईंनी विचारलं.

"लागेल तितकं."

"म्हणजे चमचे किती?"

"डुक्कर केवढं होतं ते सांग, मग सांगते."

"समजा, मध्यम."

"समजा डुकराची पोंस मी करत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना कॉफी दिली. बाई कॉफी पिऊन, कोरी वही घेऊन परत गेल्या. मी बादलीपाशी बसून हसून हसून मेले.

तर गेल्या हिवाळ्याची गोष्ट. भाताची कापणी झाली तेव्हापासून सासूबाईंचा उजवा हात थरथरायला लागला होता. घरात कुणाला पत्ता नव्हता. माझा नवरा डॉर्सी तर समोरचा भात करपला तरी विचारील, वास कसला येतोय. पण मला कळलं. त्या कॉफीचा कप अर्धाच भरायला लागल्या. कुणी आलं की हात एप्रनच्या खिशात जायचा. चर्चमध्ये जपमाळ डाव्या हातात. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. खरं सांगू का, वाईट वाटलंच, पण त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी मला बरंही वाटत होतं. म्हटलं, आता तरी सुई देतील. देणार नाहीत तर जातील कुठे? शिवणार कोण?

शुक्रवारी दुपारी वर्ली आली. वर्ली म्हणजे माझी धाकटी नणंद. सोळा वर्षं ह्यूस्टनला आहे, तिथे तिचं केस कापायचं दुकान आहे. तशी मनाने वाईट नाही, पण आली की सगळं घर तिच्याभोवती फिरायला लागतं. कॉफी झाली, गावच्या लग्नांची आणि मयतांची चौकशी झाली, आणि मग ती सहज, साखर मागावी तसं म्हणाली, "ममा, ह्या वर्षी पोंस मी शिवू का?"

माझ्या हातात बशी होती. मी ती खाली ठेवली.

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं, घोट घेऊन होईपर्यंत. मी तोंडातून शब्द काढला नाही. मी कशाला बोलू? एकोणीस वर्षं त्यांना दिसत नव्हतं का? मग त्या वर्लीकडे वळल्या.

"शिव," म्हणाल्या.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी उठले ती थेट मागच्या अंगणात, जिथे डॉर्सी उद्यासाठी लाकडं रचत होता.

"तुझ्या आईने माझ्या तोंडाला पानं पुसली," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

"अगं, चार टाके ते," डॉर्सी म्हणाला. "त्यासाठी एवढं?"

"चार टाके? मग ती बादली पण धू म्हणावं बहिणीला."

"ती पाहुणी आहे, मेओला."

"पाहुणी आहे तर पाहुणीसारखं बसून खा म्हणावं. आयत्या बिळावर नागोबा."

डॉर्सीने शहाण्यासारखं एक लाकूड उचललं आणि ते दुसरीकडे ठेवायला गेला.

शनिवारी सकाळी गवतावर दहिवर होतं. डुक्कर पडलं, गरम पाणी ओतलं, केस खरवडले, नऊ वाजेपर्यंत पोट माझ्या बादलीत. रागाने हात चालत होते, पण हातांना काय कळतं राग? आतली बाजू बाहेर काढली, मीठ चोळलं, व्हिनेगर, खायचा सोडा, चमच्याच्या पाठीने सगळा बुळबुळीत थर खरवडला. सात वेळा पाणी बदललं. शेवटी नाकाशी धरलं. नुसता पाण्याचा वास. एकोणीस वर्षांत इतकं स्वच्छ मी कधी धुतलं नव्हतं. वर्लीपुढे नेऊन ठेवलं आणि भिंतीशी उभी राहिले.

खिमा तिनेच कालवला. सासूबाई बाजूला खुर्चीत होत्या, उजवा हात खिशात. गोळी परतून वर्लीने त्यांना दिली, त्यांनी डोळे मिटले, म्हणाल्या, "मिरची थोडी." वर्लीने थोडी मिरची घातली. इथपर्यंत सगळं नीट झालं. मग तिने भरायला घेतलं.

भरली, भरली, आणखी भरली. पातेल्यात अजून खिमा होता आणि तो टाकवेना तिला. शिवाय सैल पिशवी दिसायला बरी नाही दिसत. तिला वाटलं, टम्म दिसली की लोक वाहवा करतील. वर बोटांनी दाबून आणखी दोन मुठी. मी बघत होते. तीन बोटं सोडा, नखाएवढी जागा नव्हती तिथे. मला दिसत होतं की ही फाटणार. लख्ख दिसत होतं. एक शब्द टाकला असता तर पुरला असता.

मी टाकला नाही.

वर्लीने टाके घातले, सरळ आणि जवळ जवळ. आईची लेक, हात चांगला आहे. पोंस भांड्यात उतरवली, तीही जेमतेम मावली. मी कांदा चिरायला बसले आणि स्वतःशी म्हटलं, मला कुणी विचारलं का? नाही ना? मग झालं तर.

तासाभराने नोंक युलिस आत आले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण बायकांच्या भांड्यात डोकावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दरवर्षी येतात, झाकण उचलतात, वास घेतात आणि शिव्या खाऊन बाहेर जातात. त्या दिवशी झाकण उचललं आणि तसेच उभे राहिले.

"काय गं हे," ते म्हणाले. "फाटली की."

मी उठून पाहिलं. शिवणीच्या कडेला चांगलं वीतभर उसवलं होतं. खिमा रश्शात सांडत होता. वर्ली माझ्यामागून पुढे आली, तिने आत पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. चार पिढ्या व्हिद्रीनांची पोंस फाटली नव्हती. अंगणात चाळीस माणसं. पुढच्या मार्दी ग्रापर्यंत हाच विषय, आणि वर्ली ह्यूस्टनला परत जाणार ती हे गाठोडं घेऊन.

"कोणी शिवली ही?" नोंक युलिसनी विचारलं.

वर्लीचे ओठ हलले. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी शिवली," सासूबाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा हात खिशातून काढून नोंक युलिसच्या समोर धरला. उघडा. तो हात कसा हलत होता काय सांगू. कापणीपासून लेकापासून लपवलेला, पाद्रीबाबांपासून लपवलेला हात. "आता असं झालंय," त्या म्हणाल्या. "नीट बसत नाहीत टाके. जा, सांग सगळ्यांना बाहेर."

नोंक युलिसनी टोपी काढली. मग झाकण हळूच ठेवून ते बाहेर गेले. कुणालाही काही सांगितलं नाही त्यांनी, ते मला मागून कळलं.

वर्ली आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. "ममा, तू कशाला असं, ममा."

"रडायचं असेल तर बाहेर रड, इथे रश्शात पडेल," सासूबाई म्हणाल्या. "आणि डॉर्सीला सांग, लाकूड आणखी लागेल." वर्ली डोळे पुसत गेली. आम्ही दोघी राहिलो.

मला त्यांच्याकडे बघवेना. सुनेने एक शब्द वाचवला आणि म्हातारीला आपली लाज चारचौघांपुढे काढावी लागली. आणि काढली त्यांनी. क्षणभरही मागेपुढे पाहिलं नाही. माझं मन एवढं मोठं नाही, खरंच सांगते. तेव्हाही नव्हतं.

"तुला दिसलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मलाही दिसलं होतं. पण आईने अडवलं तर पोर परत सुईला हात लावायची नाही. म्हटलं, तू सांगशील. तू का नाही बोललीस?"

"राग आला होता मला," मी म्हटलं. आता लपवून काय करायचं होतं? सगळंच बाहेर आलं. "एकोणीस वर्षं बादली धुतली मी, ममा. एकोणीस वर्षं. आणि ती काल आली, आणि तुम्ही शिव म्हणालात."

"तिने मागितली."

"म्हणजे?"

"सुई मागावी लागते, पोरी. माझ्या सासूने मला सांगितलं होतं, मागेल तिलाच द्यायची, न मागता दिली तर ती लादलेली. मी आपली दरवर्षी बादली पुढे करून वाट बघते, की ही आता म्हणेल, बादली तुम्ही धरा, मला सुई द्या. काल तुझ्या तोंडाकडे बघत बसले, कॉफी गार झाली. तू आपली गप्प. नाक वर."

मला वाटायचं, द्यायचं असेल तर देतील, मी काय भीक मागू? आणि त्यांना वाटायचं, हवी असेल तर मागेल. एका स्वयंपाकघरात दोघी, एकमेकींच्या कोपराला कोपर लागतो आहे, आणि एकोणीस डुकरं खाल्ली आम्ही अशी. मला हसूही येईना आणि रडूही येईना.

"मग माग आता," सासूबाई म्हणाल्या. "ती काही तिथे थांबणार नाही माझ्यासाठी, फाटत चाललीय."

"सुई द्या, ममा," मी म्हटलं.

त्यांनी डाव्या हाताने गळ्याजवळ कपड्याला टोचलेली सुई काढून दिली.

दोन मोठ्या पळ्यांनी पोंस उचलून पाटावर घेतली. चटका असा की अंगठ्यापासून खांद्यापर्यंत कळ गेली. दोन मुठी खिमा बाहेर काढला, त्याचे गोळे वळून रश्शात सोडले. मग फाटलेल्या कडा ओढून धरल्या. शिजलेलं कातडं ताणलं की तुटतं, न ताणलं की जुळत नाही. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. "कडेच्या जरा आत घे. ओढू नकोस. आता ओढ. बस." एवढंच. बोटांना फोड येत होते आणि मी शिवत होते, आणि मला एकदाही विचार करावा लागला नाही. एकोणीस वर्षं भिंतीशी उभं राहून मी ते हात बघितले होते. माझे टाके मोठे पडले, तिरके पडले. पण धरले. पोंस पुन्हा भांड्यात गेली आणि आम्ही दोघी तिच्यासमोर खुर्च्या टाकून बसलो. दोन तास कुणीही जागचं हललं नाही.

तीन वाजता अंगणात टेबलं लागली. पोंस पहिली कापायचा मान सगळ्यांत वयस्क पुरुषाचा, म्हणजे नोंक युलिसचा. मी ताट नेऊन ठेवलं. कडा काळ्याभोर खरपूस, वर रस्सा चमकत होता. त्यांनी सुरी उचलली आणि थांबले. चष्मा नाकावर घेतला, वाकून शिवण पाहिली.

"ओनेझिया," ते म्हणाले, "तरुणपणापासून तुझे टाके बघतोय मी. हे तुझे नाहीत."

वर्लीने मान खाली घातली.

"नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "मेओलाचे आहेत. काप आता, गार होतंय."

नोंक युलिसनी कापली. पहिला तुकडा त्यांनी स्वतः खाल्ला, जरा वेळ चावत राहिले, आणि मग ताट फिरवून दुसरा तुकडा माझ्यापुढे धरला. आमच्याकडे हा दुसरा तुकडा शिवणारीचा असतो. फोड आलेल्या बोटांनी मला काटा धरवेना, मी तो तसाच हाताने खाल्ला. चव सांगू? सासूबाईंच्या पोंससारखीच लागली. मिरची त्यांचीच होती ना.

जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा सासूबाई वर्लीला म्हणाल्या, "पुढल्या वर्षी बादली तू घे."

"घेते, ममा," वर्ली म्हणाली. मग जरा थांबून, "किती वर्षं?"

"मला काय विचारतेस? तिला विचार."

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. वर्लीसुद्धा. डोळे सुजलेले होते तिचे अजून. एकोणीस वर्षांत मी ह्या घडीसाठी किती टोमणे तयार करून ठेवले होते, एकाहून एक धारदार. त्यातला एकही तोंडात येईना.

"सात वेळा पाणी बदलायचं," मी तिला म्हटलं. "मी बसेन तुझ्याजवळ. आणि सुई हवी झाली की तोंड उघडून माग, वर्ली. मनात ठेवून बसू नकोस. फार वर्षं जातात त्यात."

सासूबाई रश्शात पाव बुडवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण पाव बुडवणारा त्यांचा हात थांबला होता.